पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्र : भोर–वेल्हे
पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील अनेक गावे केंद्राच्या पश्चिम घाट पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत आहेत. या क्षेत्राबाबत माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये, तर कस्तुरीरंगन कार्यगटाचा २०१३ मध्ये आला. पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. अंतिम अधिसूचनेविना मसुदे व्यपगत होत गेले, ही गंभीर प्रशासकीय हेळसांड होय. मसुद्यात खाणकाम, दगडखाणी, लाल (अतिप्रदूषक) श्रेणीतील नवे उद्योग व मोठ्या बांधकामांवर बंदी प्रस्तावित आहे; शेतीवर नाही. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने केंद्राला जाब विचारला. मसुदा निघाल्यावर हरकती नोंदवण्यास साठ दिवस मिळतात. हा प्रश्न पाण्याशीही जोडलेला आहे : तोरणा–राजगडच्या डोंगरांतून उतरणाऱ्या पाण्यावर खालची धरणे भरतात.