तळटीप : डॉन स्टीफन सेनानायके

१. डॉन स्टीफन सेनानायके (१८८४–१९५२) : मजकुरात आलेले ‘डी. एस.’ ते हेच. स्वतंत्र सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, पहिले पंतप्रधान. वडिलांनी ग्रॅफाइटच्या खाणींवर संपत्ती उभी केली, डी. एस. रबर-नारळाच्या मळ्यांत रमले. दारूबंदीच्या चळवळीतून ते सार्वजनिक कामात ओढले गेले. १९१५च्या दंगलीनंतर इंग्रज सरकारने त्यांना भावांसह तुरुंगात डांबले. १९२४मध्ये ते कायदेमंडळावर गेले आणि १९३१मध्ये शेती व जमीन खात्याचे मंत्री झाले. मिन्नेरियाच्या प्राचीन तलावाखालच्या रानात त्यांनी भूमिहीन कुटुंबे वसवली. १९३५च्या कायद्यानुसार मिळालेली जमीन कुळाला सरकारच्या परवानगीवाचून विकता वा गहाण टाकता येत नसे. त्यामुळे ती सावकाराच्या घशात जाण्याचा धोका टळला. मार्च १९५२मध्ये कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर रपेट करताना ते घोड्यावरून पडले आणि त्यातच वारले. त्यांच्याच कारकिर्दीतल्या १९४८च्या नागरिकत्व कायद्याने मात्र मळ्यांत राबणारे लाखो भारतीय तमिळ मजूर नागरिकत्वाला मुकले. त्यांच्या शेतीविषयक कामाचे मोल मानतानाही हा अन्याय वाचकाने नजरेआड करू नये. – संपादक