उलट्या पावली गोजिरापर्यंत

मार्च १९९९. टोकियोतल्या एका थिएटरात तुम्ही अंधारात बसला आहात आणि पडद्यावर शिबुया पेटलं आहे. तोच चौक, जिथे मघाशी सिग्नल सुटल्यावर तुम्ही माणसांच्या लोंढ्यात सापडून इकडे ढकलले गेलात. वर आभाळात गामेरा नावाचं अजस्र कासव ग्याओस या नरभक्षक पाखरांशी झुंजतंय. गामेरा म्हणजे माणसांचा राखणदार, पोरांचा लाडका. पण दिग्दर्शक शुसुके कानेकोने कॅमेरा खाली रस्त्यावर, पळणाऱ्यांच्या गुडघ्यांशी ठेवलाय. राखणदार पाखरं मारतो आणि त्या आगीत हजारो माणसं पाचोळ्यासारखी उडतात. तुमच्या शेजारच्या मुलाचा हात खाऊच्या पुडीत तसाच राहिलाय.

या ‘गामेरा ३’ मध्ये आयाना नावाची एक मुलगी आहे. आधीच्या एका लढाईत गामेरामुळे तिचे आईवडील गेले, मांजर गेलं. ती सूड म्हणून एका नव्या राक्षसाला वाढवते आणि त्याला आपल्या मेलेल्या मांजराचं नाव देते. इरिस. इथे माझा या सिनेमावर जीव जडला. जपानी लोक या अजस्र जनावरांना काइजू म्हणतात, आणि काइजूपटांच्या बाबतीत माझी कसोटी एकच आहे. जनावराची धडकी भरली पाहिजे आणि त्याच बैठकीत त्याची कीवही आली पाहिजे. बाकी इमारती काय, कुणीही पाडतं.

उठा. आपल्याला उलट्या पावली जायचंय.

जुलै १९७१. बाहेर पडल्या पडल्या डोळे चुरचुरायला लागतात. हवेत धुरकट पिवळेपणा आहे. गेल्याच वर्षी याच महिन्यात टोकियोच्या सुगिनामी भागात शाळेच्या मैदानावरच्या मुली या धुरक्याने कोसळल्या होत्या. थिएटर पोराटोरांनी भरलंय, कारण हा सुट्टीतला बालमहोत्सव. पोरांना दाखवताहेत काय, तर ‘गोजिरा विरुद्ध हेदोरा’. हेदोरो म्हणजे गाळ. कारखान्यांची घाण पिऊन सुरुगाच्या उपसागरातून वर आलेला हा चिखलाचा गोळा धुरांडी हुक्क्यासारखी ओढतो. तो डोक्यावरून उडत जातो आणि मैदानात कवायत करणाऱ्या मुली पटापट खाली बसतात. सभागृहातल्या आयांना ते वर्तमानपत्रातून आलंय हे कळतं, पोरांना नाही. मग एका खोलीत माजोंग खेळणाऱ्यांवर खिडकीतून गाळ येऊन आदळतो. माणसं संपतात. दुसरीकडे गाळाने माखलेलं मांजराचं पिल्लू तेवढं म्याँव म्याँव करत राहतं.

दिग्दर्शक योशिमित्सु बान्नोने याच सिनेमात गोजिराला उडवलंय. तोंडातला किरणोत्सारी फूत्कार जमिनीवर सोडायचा, शेपूट पोटाशी धरायची आणि उलटं उडायचं! निर्माते तोमोयुकी तानाका तेव्हा रुग्णालयात होते म्हणून हे खपलं, असं सांगतात. पाहिल्यावर ते भडकले म्हणे. मला विचाराल तर त्या पिल्लासाठी मी हे उड्डाण माफ केलंय.

पोरं ओरडताहेत, “गोजिरा! गोजिरा!” मराठी कानाला हसू आवरत नाही. आपल्याकडे गोजिरं म्हणजे पाळण्यातलं बाळ. तिकडे मात्र ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा यांची ती मोडतोड. पुढे इंग्रजीत त्याचा गॉडझिला झाला. गंमत अशी की मधल्या काळात जपान्यांनी त्याला आपल्या अर्थानेही गोजिरा करून टाकलं. १९६५ मध्ये तो एका चित्रकथेतल्या पात्राची नक्कल करत उड्या मारून नाचला. १९६७ मध्ये त्याला गुबगुबीत लेक झाला. त्या गल्लीत आपण थांबणार नाही.

१९६१ मध्ये मात्र घटकाभर थांबा. टोकियो टॉवर उघडून तीन वर्षंही झालेली नाहीत आणि त्यावर सुरवंटाने कोश विणलाय. मोथ्रा कुणाचा सूड घ्यायला आलेली नाही. तिच्या बेटावरच्या दोन चिमुकल्या जुळ्या बायका एका धनलोभ्याने पळवून खेळात उभ्या केल्यात, त्यांना न्यायला ती आलीय. त्या जुळ्या गातात, सुरवंट समुद्र कापत येतो, धरण फुटतं, शहर मोडतं. सैन्य तोफा डागतंय आणि तुम्ही मनातल्या मनात म्हणताय, अहो, देऊन टाका ना तिच्या पोरी.

आता शेवटची उडी, पहिल्या ‘गोजिरा’कडे. ३ नोव्हेंबर १९५४.

संस्कृती दिनाची सुट्टी आहे. या सभागृहात पोरांचा कल्ला नाही. तुमच्या पुढच्या रांगेतल्या बाईच्या मानेवर भाजल्याचा जुना वण आहे. नऊ वर्षांपूर्वी हे शहर आगीच्या बॉम्बने जळालं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि ‘पाचवा भाग्यशाली ड्रॅगन’ नावाच्या मासेमारी बोटीवर राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातला रेडिओवाला कुबोयामा सप्टेंबरात गेला. म्हणून सिनेमाच्या आरंभी समुद्रात लखकन प्रकाश होतो आणि बोट बुडते, तेव्हा कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही.

पन्नास मीटर उंच जनावर रात्री शहरात शिरतं. गिंझा भागातल्या घड्याळाच्या मनोऱ्यात टोले पडायला लागतात. ते वळून बघतं, डाफरतं आणि मनोरा मोडून टाकतं. एक आई पोरांना कवटाळून भिंतीशी बसलीय. आता बाबांना भेटू, असं त्यांना समजावतेय. सकाळी इस्पितळात डॉक्टर एका लहानग्याजवळ गायगर काउंटर धरतो आणि नुसती मान हलवतो. पुढची बाई रुमाल काढते. दिग्दर्शक इशिरो होंडा चीनमधल्या युद्धावरून परतताना हिरोशिमातून आला होता. बेचिराख झालेलं ते शहर त्याच्या चौकटींत आहे.

शेवटी समुद्रतळाशी गोजिरा विरघळतो, मग त्याची हाडंही, आणि टाळ्या पडत नाहीत.

बाहेर आल्यावर तुम्ही गिंझाच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाता. मनोरा जागेवर आहे. तुमच्यासारखेच आणखी दोघं-तिघं मान वर करून घड्याळाकडे बघत उभे आहेत.

एवढं आलात तर आणखी दोन-तीन महिने मागे या. तोहो कंपनीच्या स्टुडिओत उकडतंय. मघाची डरकाळी इथे पाहिली तर विरस होईल: संगीतकार अकिरा इफुकुबे राळ लावलेला चामडी हातमोजा कॉन्ट्राबासच्या सैल तारेवरून खसकन ओढतोय. पलीकडे गिंझा तुमच्या कमरेएवढी. ट्रिक-दृश्यांचा दिग्दर्शक एइजी त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने फिरवायला सांगतो, म्हणजे पडद्यावर पावलं संथ पडतील आणि जनावर जड वाटेल. त्यासाठी दिव्यांचा उजेड वाढवावा लागतो, आणि दिव्यांबरोबर उष्णता.

त्या रबरी कातड्याच्या आत हारुओ नाकाजिमा आहे, वय २५. पहिलं कातडं शंभरेक किलोंचं निघालं. काही पावलांतच तो आडवा झाला. ते कापून नुसत्या पायांच्या दृश्यांसाठी वापरलं आणि दुसरं केलं. चाल शिकायला तो उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती, अस्वलं बघत बसला होता.

“कट!” चारजण धावतात. पाठ उघडतात, त्याला काखेत धरून बाहेर ओढतात. तो बाकावर बसून बनियन काढतो आणि पिळतो. फरशीवर पाणी सांडावं तसा घाम पडतो. कुणीतरी पंखा त्याच्याकडे वळवतं. त्याच्या मागे गोजिरा दोरांना टांगलेला, मान खाली, पाठ उघडी.