तीन पेडल, दोन पाय आणि एक चप्पल

ड्रायव्हिंग शिकवताना क्लच, ब्रेक, गिअर सगळं घोटून घेतात. पायात काय घालायचं हे मात्र कोणी सांगत नाही. गंमत म्हणजे हा प्रश्न गाडीइतका जुना नाहीच, तो जरा नंतर जन्माला आला.

फोर्डची मॉडेल टी घ्या (१९०८ ते १९२७). तिलाही तीन पेडल होती, पण आपण आज ती चालवायला बसलो तर पहिल्याच चौकात घोळ! डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. आणि अ‍ॅक्सिलरेटर? तो पायाशी नव्हताच. स्टिअरिंगखाली एक दांडी असायची, ती हाताने ओढायची. वेग हातात, ब्रेक पायात.

आपल्याला पाठ असलेली क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर ही रांग १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये आली आणि १९२२ पासून छोट्या, स्वस्त ऑस्टिन सेव्हनने ती रुळवली. माझ्या मते खरी कथा इथे सुरू होते. एकट्या उजव्या पायाकडे आता दोन उलटी कामं आली. टाच टेकवायची, चवडा इकडून तिकडे फिरवायचा, आणि दाब किती द्यायचा हे न बघता, तळव्याला जाणवेल तसं ठरवायचं. म्हणजे बुटाचा सोल हा मधला इंटरफेसच की!

तो पाय चुकला की काय होतं? १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते म्हणून टीव्हीवर केवढा गदारोळ झाला. १९८९ च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं ते ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं जाणं. तो काही बुटांचा खटला नव्हता, पण पायाला पेडल नीट कळणं किती महत्त्वाचं, ते यातून दिसतंच.

इटलीच्या जान्नी मोस्तिले यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९६३ मध्ये, मऊ मोकॅसिनच्या तळाला रबराचे छोटे गोळे बसवून पेटंट घेतलं. नाव 'कार शू'. तळ पातळ म्हणून पेडल जाणवतं, रबर म्हणून पाय सटकत नाही. पुढे हे बूट पार्टीत मिरवायचे झाले, गाडी राहिली बाजूला! २००१ मध्ये हा ब्रँड प्राडाकडे गेला. हो, तेच प्राडा, ज्यांनी जून २०२५ मध्ये मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. असो, तो राग वेगळा.

पण कोल्हापुरी कितीही लाडकी असली तरी गाडी चालवायला नको. मागे पट्टा नाही, टाच सुटी, आणि कातडी तळ पावसात भिजला की गुळगुळीत. हवाई चपलेचं तर पुढचं टोकच पेडलखाली अडकतं. चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड नाही, असा खुलासा गडकरींच्या कार्यालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये केला होता. दंड नाही, ठीक आहे. ब्रेकला ते कुठे माहीत असतं?

मोस्तिलेंचे महागडे बूट लागत नाहीत. टाच झाकणारा, पातळ रबरी तळाचा साधा कॅनव्हासचा बूट पुरतो. तो गाडीतच ठेवायचा. आणि काढलेली चप्पल पायाशी नाही, डिकीत टाकायची. पायाशी ठेवलेली चप्पल घाटातल्या उतारावर सरकत सरकत नेमकी ब्रेकखाली जाऊन बसते.