काळू-बाळूंच्या हंगामाची अखेर

साल 1978, महिना चैत्राचा. कराड स्टेशनाच्या बाजूला, ओगलेवाडीजवळ जत्रेचा तळ पडलाय आणि तुम्ही तमाशाच्या कनातीमागं उभे आहात. जनरेटर धडधडतोय, पण त्याची वीज सगळी बोर्डावर. मागं तोंड रंगवायच्या जागी प्रभाकर कंदीलच. तोही इथल्याच ओगल्यांच्या कारखान्यातला. त्याच्या उजेडात एका आरशापुढं दोघं बसलेत. एकानं गालाला सफेदा लावला की दुसरा त्याच्याकडे बघून आपल्या गालाला लावतो. आरशात बघायची गरजच पडत नाही.

हे लहू आणि अंकुश खाडे, सांगलीजवळच्या कवलापूरचे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ वगातल्या हवालदारांनी त्यांना काळू-बाळू हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. खाकी चढवून दोघं उभे राहतात आणि तुमची पंचाईत होते: मघाशी डावीकडं बसला होता तो कुठला?

फडातला एक जाणता माणूस गावकऱ्याला चहा पाजत बसलाय. “काय म्हणतंय गाव? सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं? उसाला तोड आली का न्हाई?” तुम्हाला या नुसत्या गप्पा वाटतात. पण गण झाला, गौळण झाली, मावशीनं कृष्णाशी हुज्जत घालून झाली आणि बतावणी सुरू झाली की तोच पडलेला उमेदवार, तीच रखडलेली तोड सोंगाड्याच्या तोंडून बाहेर येते. मैदान फुटतं. ज्याच्यावर विनोद झाला तोच मांडीवर थाप मारून सगळ्यांत जोरात हसतोय.

हा विनोद कागदावर नव्हता. वगाची गोष्ट ठरलेली, बाकीचं माणसांकडं बघून जुळवायचं. याच सुमारास मुंबईत, वरळीच्या दूरदर्शन केंद्रात चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका उभी राहतेय. तेही मोठं काम, अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवणारं. पण घरात बसलेला प्रेक्षक हसला की नाही, हे कॅमेऱ्यापुढच्या नटाला त्या क्षणी कळत नाही. इथं शेवटच्या रांगेतला हशा ओसरू लागला, की एक भाऊ मुद्दाम थबकतो आणि दुसरा ती फट अचूक धरतो. मला विचाराल तर विनोदाचं याहून अवघड शिक्षण नाही.

हंगाम आता संपत आलाय. दसऱ्याला निघालेला फड अक्षय्य तृतीयेच्या आसपास थांबेल. उचल घेतलेल्यांचे हिशेब होतील, ढोलकीवाला आपल्या गावाला जाईल, ट्रकवरच्या पेट्या उतरतील. पुढच्या दसऱ्याला परत जमायचंच आहे, म्हणून कुणी फारसा निरोप घेत नाही.

तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. व्हिडिओ येईल, घरोघरी टीव्ही येईल, कनातीपुढची गर्दी पातळ होईल. 2011 साली लहू खाडे जातील. मग खाकी कुणीही घालील, शब्दही पाठ करील, पण एकच चेहरा दोनदा समोर आल्यावर उठणारा हशा कुठून आणायचा?

म्हणून मागं रेंगाळू नका. कनात उचला आणि पुढं जाऊन मातीत मांडी घाला. वग आत्ताच सुरू झालाय, तो पहाटेपर्यंत चालेल.