डोंबिवली औद्योगिक क्षेत्र

डोंबिवली औद्योगिक क्षेत्र हे महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले औद्योगिक क्षेत्र आहे. ते डोंबिवली पूर्वेला, रेल्वे स्थानक आणि कल्याण-शीळ रस्ता यांच्या दरम्यान पसरले आहे. स्थानिक बोलण्यात त्याचा उल्लेख नुसता 'एमआयडीसी' असाच होतो. टप्पा १ आणि टप्पा २ अशी त्याची विभागणी असून त्यांना लागून 'निवासी विभाग' आहे. रसायने, रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये, कापडावरील प्रक्रिया आणि अभियांत्रिकी हे येथील प्रमुख उद्योग होत. भर वस्तीला खेटून असलेले रासायनिक कारखाने, त्यांतील स्फोट आणि प्रदूषण यांमुळे हे क्षेत्र सतत चर्चेत राहिले आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. मुंबईतील उद्योगांची दाटी कमी करून त्यांना शहराबाहेर जागा द्यावी, हे तत्कालीन धोरण होते. त्यातून ठाण्याची वागळे इस्टेट आणि पाठोपाठ डोंबिवली, अंबरनाथ ही क्षेत्रे विकसित झाली. डोंबिवलीत त्यासाठी आजदे, सागाव, सोनारपाडा, गोळवली आदी गावांच्या परिसरातील जमिनी उपयोगात आल्या. या गावांत आगरी समाजाची वस्ती मोठी आहे.

त्याच काळात मुंबईतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे स्वस्त घरांच्या शोधात डोंबिवलीत येऊ लागली. शं. ना. नवरे, पु. भा. भावे यांच्यासारख्या लेखकांचे गाव, वाचनालये आणि नाट्यसंस्थांचे गाव ही शहराची ओळख याच वस्तीतून घडली. २०१७ साली ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथेच भरले. मात्र सकाळची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या या चाकरमान्या डोंबिवलीचा कारखान्यांशी रोजगारापुरता संबंध तुलनेने कमी राहिला. तिच्या वाट्याला कारखान्यांचा धूर अधिक आला.

निवासी विभाग आणि प्रशासन

मिलापनगर, सुदर्शननगर या वसाहती निवासी विभागात मोडतात. बंगले, झाडी आणि तुलनेने रुंद रस्ते यांमुळे हा भाग जुन्या डोंबिवलीहून वेगळा दिसतो. काही ठिकाणी घरे आणि कारखाने यांच्यात एका रस्त्याचेच अंतर आहे. कारखाने आधी आले, वस्ती नंतर वाढली, असे उद्योजकांची 'कामा' ही संघटना आणि अन्य उद्योजक सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु निवासी भूखंडही महामंडळानेच आखले होते, ही वस्तुस्थिती त्या युक्तिवादात सहसा येत नाही.

प्रशासकीय इतिहासही गुंतागुंतीचा आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा परिसरातील २७ गावे तिच्यात आली. २००२ मध्ये ती वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. निवासी विभागाला पाणी महामंडळाचे, कर महानगरपालिकेचा, हवेवर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि कारखान्यांच्या सुरक्षिततेची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, अशी येथील व्यवस्था आहे. त्यामुळे रात्री उग्र वास आला तर तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न रहिवाशांना नेहमी पडतो.

प्रदूषण

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ४३ औद्योगिक क्षेत्रे 'अतिगंभीर प्रदूषित' ठरवली. त्यांत डोंबिवलीचा समावेश होता. जानेवारी २०१४ मध्ये येथे अवकाळी पावसाचे हिरवट पाणी दिसले. फेब्रुवारी २०२० मध्ये टप्पा २ मधील रस्ता गुलाबी झाला. हे रंग वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेले, पण दैनंदिन त्रास वासाचा आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिरावते, वरच्या उबदार थरामुळे तिला वर जाता येत नाही आणि वायू वस्तीच्या उंचीवरच साचून राहतात. त्यामुळे रात्री व पहाटे वास तीव्र जाणवतो. रात्री तपासणी कमी असल्याचा फायदा काही कारखाने घेतात, असा रहिवाशांचा आरोप आहे.

सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्रे आहेत. तरीही खंबाळपाड्याकडे वाहणाऱ्या नाल्यात रंगीत, फेसाळ पाणी आढळल्याच्या तक्रारी वेळोवेळी झाल्या असून ते पाणी पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते.

स्फोट

२६ मे २०१६ रोजी सकाळी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात प्रचंड स्फोट झाला. त्यात १२ जण मृत्युमुखी पडले, दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. जखमींत कारखान्याशी काहीही संबंध नसलेले, आपापल्या घरांत वा रस्त्यावर असलेले अनेक जण होते. घरांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. भरपाईचा पाठपुरावा मात्र रहिवाशांना वर्षानुवर्षे करावा लागला.

२३ मे २०२४ रोजी दुपारी टप्पा २ मधील अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन दहाहून अधिक कामगार दगावले. काही मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच याच टप्प्यातील दुसऱ्या रासायनिक कारखान्याला मोठी आग लागली.

भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घालण्यात आले. धोकादायक प्रक्रियेची माहिती आणि अपघात झाल्यास करावयाची उपाययोजना कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील जनतेलाही देण्याचे बंधन त्याने कारखानदारावर घातले. शेजारच्या कारखान्यात कोणते रसायन साठवले आहे, हे विचारण्याच्या डोंबिवलीकरांच्या मागणीला त्यामुळे कायद्याचा आधार आहे.

स्थलांतराचा प्रश्न

राज्य शासनाने २०२२ मध्ये येथील १५६ धोकादायक कारखाने रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात हलवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२४ च्या स्फोटानंतर स्थलांतराची घोषणा पुन्हा झाली. नव्या जागेचा खर्च, परवाने आणि कामगारांचे भवितव्य हे मुद्दे उद्योजकांनी मांडले आहेत. कामगारांची अडचण वेगळी आहे: त्यांच्यातील अनेक जण कंत्राटी असून कल्याण, उल्हासनगर आणि आसपासच्या चाळींत राहतात. कारखाना पाताळगंगेला गेल्यास रोजचा प्रवास त्यांना परवडणारा नाही. मोकळ्या होणाऱ्या भूखंडांवर पुढे काय उभे राहणार, याबाबतही रहिवाशांमध्ये साशंकता आहे.