शास्त्रज्ञांची कुलुपे आणि एका चिटणिसाची वही

विद्या दिल्याने वाढते, हे आपल्याकडे लहान पोरासही ठाऊक असते. परंतु वैद्याने आपले औषध आणि गवयाने आपली चीज घराबाहेर जाऊ देऊ नये, हा शिरस्ताही आपलाच. युरोपातील शास्त्रज्ञ सतराव्या शतकाच्या आरंभी याहून फारसे निराळे वागत नव्हते.

१६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीचे रूप चमत्कारिक दिसले. मधे एक मोठा गोल, दोन्ही अंगांना दोन लहान. जाहीर करावे तर अजून पुरती खात्री नाही. गप्प बसावे तर दुसरा कोणी मान पटकावणार. तेव्हा त्याने शोधाचे लॅटिन वाक्य रचले आणि त्यातील ३७ अक्षरे उलटीपालटी करून पाठवून दिली. प्रागमध्ये केप्लर ती जुळवीत बसला आणि त्याने अर्थ लावला, मंगळाला दोन चंद्र आहेत! अर्थ साफ चुकला. (मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघाले, पण ते १८७७ साली.) केवढी बुद्धी ही, आणि ती कशावर खर्ची पडली!

गॅलिलिओला आम्ही बोल लावीत नाही. जो आधी सांगेल त्याच्या पदरात श्रेय पडेल, अशी हमी तेव्हा कोण देत होते? ती देणारा मनुष्य मोठा शास्त्रज्ञ नव्हता, हे विशेष. ब्रेमेनहून आलेला हेन्री ओल्डेनबर्ग हा लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस. देशोदेशींची पत्रे वाचावी, भाषांतरे करावी, उत्तरे धाडावी, हा त्याचा उद्योग. ६ मार्च १६६५ रोजी त्याने स्वतःच्या जोखमीवर 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक काढले. व्यवहार रोखठोक होता : शोध कळवा, पत्र आल्याची तारीख नोंदली जाईल, छापील पानावर नाव तुमचे राहील. लपवण्यात जो लाभ होता तो आता सांगण्यात दिसू लागला. सवय मात्र लगेच सुटली नाही. रॉबर्ट हुकने स्प्रिंगचा नियम १६७६ साली अक्षरांच्या कोड्यातच छापला आणि १६७८ साली उलगडला.

ओल्डेनबर्गला याची किंमत द्यावी लागली. १६६७ साली, डच युद्धाच्या धामधुमीत, परदेशी पत्रव्यवहाराने संशय ओढवून तो टॉवरच्या तुरुंगात पडला. परदेशची काही पत्रे त्याला 'ग्रुबेंडॉल' या नावाने येत. आपल्याच नावाची अक्षरे त्याने फिरवली होती! दुसऱ्यांची कुलुपे उघडणाऱ्यालाही स्वतःसाठी एक लागलेच.

पुढे अशी नियतकालिके हजारोंनी निघाली आणि विसाव्या शतकात त्यांपैकी पुष्कळांची वर्गणी इतकी चढली की ज्या पानांनी कुलपे काढली तीच कुलपात गेली. या उलट चालीविरुद्ध २००२ साली बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. २०११ साली रॉयल सोसायटीने सत्तर वर्षांपूर्वीचे आपले सर्व निबंध कायमचे मोफत केले. ओल्डेनबर्गचा पहिला अंक आज आपल्या गावात बसून वाचता येतो. ताजे संशोधन मात्र अजून पुष्कळसे विकतच घ्यावे लागते. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची एकत्रित वर्गणी मंजूर केली, ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला, किंवा नोकरीतून मोकळ्या झालेल्या आणि अजून गणित सोडवीत बसणाऱ्या मास्तरांना, त्या यादीत जागा नाही.