छिद्ररेषायुक्त छपाईपत्रके

छिद्ररेषायुक्त छपाईपत्रके म्हणजे ठरावीक रेषांवर बारीक छिद्रे पाडलेले, घरगुती किंवा कार्यालयीन प्रिंटरवर छापण्याजोगे सुटे कागद होत. छपाईनंतर या रेषांवरून कागद हाताने फाडून व्हिजिटिंग कार्डे, पोस्टकार्डे, कूपने किंवा घडी घालून चिकटवण्याची टपालपत्रे वेगळी केली जातात. अशा रेषेला छपाई व्यवसायात परफोरेशन म्हणतात. छापखान्यात कार्डे सहसा आधी छापून मग कापली जातात. या पत्रकांत मात्र कार्डाची कड छपाईपूर्वीच ठरलेली असते. त्यामुळे प्रिंटरमध्ये कागद किंचित सरकला तरी बिघडणार नाही असा आराखडा करणे, हा या प्रकारातील मुख्य प्रश्न आहे.

इतिहास

१८४० साली ब्रिटनमध्ये निघालेले पेनी ब्लॅक हे टपाल तिकीट छिद्ररहित होते. पत्रकातून तिकिटे कात्रीने कापावी लागत. हेन्री आर्चर यांनी १८४७ मध्ये तिकिटे सहज सुटी करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. ब्रिटिश सरकारने पुढे त्यांचे हक्क ४,००० पौंडांना विकत घेतले आणि १८५४ पासून तेथे छिद्रयुक्त तिकिटे नियमित निघू लागली. त्याच वर्षी कोलकात्यात शिळाछापावर छापलेली भारतीय तिकिटे मात्र छिद्ररहित होती. १८८२ मध्ये बेल्जियमने लेटरकार्ड काढले. घडी घालून त्याच्या कडा चिकटवल्या जात आणि वाचणारा छिद्ररेषेवरून त्या फाडून पत्र उघडत असे. संगणकाच्या काळात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सलग कागदाला दोन्ही बाजूंना छिद्ररेषेने जोडलेल्या पट्ट्या असत.

रचना

छिद्ररेषेत कापलेला भाग आणि न कापलेला जोड आलटून पालटून येतात. जोड मोठे ठेवल्यास कागद वेडावाकडा फाटतो. फार लहान ठेवल्यास तो प्रिंटरमध्येच सुटून अडकण्याचा धोका असतो. कार्डांसाठी अतिसूक्ष्म छिद्रे वापरतात. त्यांमुळे फाडलेली कड कापल्यासारखी गुळगुळीत दिसते. कागदातील तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, तर आडव्या दिशेने त्याची कड खडबडीत होते.

आराखडा

ए४ कागद २१० × २९७ मिमी आकाराचा असतो. ८५ × ५५ मिमीची दहा कार्डे दोन स्तंभ आणि पाच ओळींत मांडल्यास ती १७० × २७५ मिमी जागा व्यापतात. डावी-उजवीकडे २० मिमी आणि वर-खाली ११ मिमी समास उरतो. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेवर सहसा छापता येत नसल्याने हा समास उपयोगी पडतो. ए४ चे चार समान भाग केल्यास ए६ आकाराची चार पोस्टकार्डे मिळतात. पण समास उरत नसल्याने त्यांच्या बाहेरच्या कडांपर्यंत रंग नेता येत नाही.

मजकूर व चिन्हे छिद्ररेषेपासून किमान ३ मिमी आत ठेवली जातात. कार्डाभोवती बारीक चौकट टाळली जाते, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चौकटीमुळे डोळ्यांत भरतो. शेजारच्या कार्डांची पार्श्वभूमी एकाच रंगाची असल्यास तो रंग सामाईक रेषेवरून सलग नेला जातो. मार्गदर्शक रेषा केवळ पडद्यावर असतात, त्या छापल्या जात नाहीत.

छपाई

सर्वांत सामान्य चूक 'पानात बसवा' या पर्यायामुळे होते. छपाई ९७ टक्के आकारात झाल्यास २७५ मिमी उंचीत सुमारे ८ मिमीचा फरक पडतो. म्हणून १०० टक्के आकार निवडावा लागतो. अमेरिकी लेटर आकार ए४ पेक्षा सुमारे ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड असल्याने त्याचा साचा ए४ वर जुळत नाही. नमुना आधी साध्या कागदावर छापून, तो छिद्रित पत्रकावर ठेवून उजेडासमोर धरल्यास सरक कळते. जाड कागदासाठी कमी वळणाचा मागील मार्ग सोयीचा असतो.

टपालपत्रे

ए४ ला दोन घड्या घालून तीन समान भाग केल्यास प्रत्येक भाग ९९ मिमीचा होतो; आत जाणारा भाग एक-दोन मिमी कमी ठेवल्यास तो दुमडत नाही. लेझर प्रिंटरमध्ये कागद तापत असल्याने उष्णता सहन करणारा डिंकच चालतो. पाण्यात विरघळणाऱ्या इंकजेट शाईने लिहिलेला पत्ता पावसात पुसला जाऊ शकतो. पातळ कागदातून मजकूर दिसू नये म्हणून बाहेरच्या बाजूस दाट नक्षी छापतात. बँकांच्या पिन मेलरमध्ये अशी नक्षी असते. त्यात अंक दाबाने केवळ आतील थरावर उमटतात आणि कडेची पट्टी फाडल्यावरच दिसतात.

हेही पाहा

टपाल तिकीट
पोस्टकार्ड
आंतरदेशीय पत्र